विरजण कुणाचं आणि दूध कुणाचं?



एकाच घरचं विरजण गल्लीतल्या चार घरांत गेलं, तरी चारही घरचं दही सारखं लागत नाही. एकीकडे म्हशीचं दूध, दुसरीकडे गाईचं, तिसरीकडे पिशवीतलं. कुणी कोमट दुधाला लावतं, कुणी गरम असतानाच घाई करतं. विरजण तेच, म्हणजे आतले जंतू एकाच घराण्यातले, पण वाढवण्याची तऱ्हा निराळी. आणि ती तऱ्हा जिभेला कळते. जुन्या बायका दह्याचं एक बोट चाखून सांगायच्या, "हे आपल्या म्हशीचं नव्हे."

ही जिभेची विद्या आता प्रयोगशाळेत गेली आहे, आणि तिथं तिला फार गंभीर काम लागलं आहे. कुठं एखादा घातक जंतू सापडला, तर तो कुठल्या खाद्यावर, कसल्या पाण्यात आणि साधारण कधी वाढवला असेल, हे त्याच्या शरीरातल्या रसायनांवरून काढायचं. माझी नात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतेय, तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग हे पोलिसांचंच काम झालं की!" ती म्हणाली, "आजी, तसंच आहे, पण तू समजतेस तितकं सोपं नाही." त्यानंतर मी मिळेल तिथून वाचत गेले. मी बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. तेव्हा रसायनशास्त्राचं काही चुकलं तर जाणकारांनी कान धरावा. पण माझं म्हणणं रसायनशास्त्राबद्दल नाहीच. पुराव्यावरून माणसाकडे बोट कधी दाखवावं, याबद्दल आहे. आणि त्याचा एक फार मोठा धडा आपल्या परळच्या प्रयोगशाळेशी जोडलेला आहे, तो विसरला जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी थोडं शास्त्र, माझ्या भाषेत.

कार्बन म्हणजे कोळशातला, साखरेतला, आपल्या अंगातला कार्बन. त्याचे बहुतेक अणू एका वजनाचे असतात, पण शंभरात एखादा किंचित जड असतो. गुणधर्म तेच, फक्त वजन जास्त. याला समस्थानिक म्हणतात. हा जड कार्बन किरणोत्सर्गी वगैरे नसतो, निरुपद्रवी असतो. आता गंमत अशी, की भात, गहू, बीट ही पिकं हवेतून कार्बन घेताना जड अणू बरेच टाळतात. ऊस, ज्वारी, मका ही पिकं तितका भेदभाव करत नाहीत. त्यामुळे उसाची साखर आणि बिटाची साखर चवीला, दिसायला एक, शुद्ध केल्यावर रसायन म्हणूनही एक, पण जड अणूंचं प्रमाण वेगळं. शास्त्रज्ञ हे एका ठरलेल्या मापाच्या तुलनेत हजारी मोजतात. उसाची साखर साधारण उणे अकरा-बाराच्या आसपास आणि बिटाची उणे पंचवीसच्या आसपास येते. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राला हा फरक ढळढळीत दिसतो.

आपल्या कोल्हापूरकरांना हे पटकन समजायला हवं. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, तिथं मळीवर यीस्ट वाढवून अल्कोहोल काढतात. त्या यीस्टनं आयुष्यभर उसाचीच मळी खाल्ली, तर तिच्या अंगात उसाचाच कार्बन येणार. युरोपात बिटाच्या मळीवर वाढलेली यीस्ट जातीनं अगदी तीच असली, तरी अंगातला कार्बन बिटाचा. म्हणजे जात एक, पण कुठल्या ताटात जेवली ते वेगळं!

पाण्याचंही असंच. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्येही हलके-जड अणू असतात. ढगातून पाऊस पडताना जड पाणी आधी उतरतं, म्हणून ढग समुद्रापासून आत सरकेल तसा पाऊस सर्वसाधारणपणे हलका होत जातो. तळ्यातलं पाणी उन्हानं आटलं तर हलकं पाणी आधी उडून जातं आणि मागे जड राहतं. त्यामुळे ठिकठिकाणच्या पाण्याला आपली खूण असते. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या हेलन क्रूझर-मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मातीत सापडणारा बॅसिलस सबटिलिस हा साधा, निरुपद्रवी जीवाणू त्यांनी घेतला. खाद्य तंतोतंत तेच ठेवलं, पाणी मात्र अमेरिकेतल्या पाच निरनिराळ्या गावांचं. तर त्या जीवाणूच्या बीजाणूंमध्ये त्या त्या पाण्याची खूण उतरलेली दिसली. बीजाणू म्हणजे काही जीवाणू वाईट दिवस काढण्यासाठी बनवतात ते टणक रूप, बियाण्यासारखं वर्षानुवर्षं टिकणारं.

याशिवाय आणखी खुणा असतात. जंतू रक्त घातलेल्या अगारवर वाढवला असेल तर रक्तातल्या हीमचे अंश मागे राहू शकतात. खाद्यात कुठले क्षार, कुठले धातू होते त्याचा हिशेब राहतो. डीएनए सांगतो जंतू कुठल्या घराण्यातला, आणि ही रसायनं सांगतात तो कसा वाढला. विरजण आणि दूध, दोन्हींची साक्ष वेगवेगळी.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, वा, आता गुन्हेगार सुटायचा नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण मग 2001 सालचं अमेरिकेतलं अँथ्रॅक्सचं प्रकरण नीट वाचलं.

अँथ्रॅक्स म्हणजे आपली काळपुळी, गुराढोरांचा रोग. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2001 मध्ये कुणीतरी त्याच्या बीजाणूंची पूड पाकिटांत घालून वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि सिनेटरांना पाठवली. पाच माणसं मेली, सतरा आजारी पडली. त्या दिवसांत आपल्याकडेसुद्धा पाकिटात पांढरी पूड दिसली की घबराट उडत होती, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.

त्यानंतर काय झालं? एका अमेरिकी वाहिनीनं ऑक्टोबर 2001 मध्येच बातमी दिली, की त्या पुडीत बेंटोनाइट नावाची माती सापडली आहे आणि ही तर इराकच्या कार्यक्रमाची खूण. बघा, रासायनिक खूणच होती ती! म्हणजे बातमी देणाऱ्यांच्या मते होती. प्रत्यक्षात बेंटोनाइट नव्हतंच. सिलिकॉन होतं, आणि त्यावरही तज्ज्ञ म्हणवणारे कित्येक जण सांगू लागले की पूड हवेत उडावी म्हणून हे मुद्दाम लावलंय, कुठल्या तरी सरकारी शस्त्रशाळेशिवाय हे शक्य नाही. पुढे सँडिया प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बीजाणू पाहिला, तेव्हा ते सिलिकॉन वरून फासलेलं नव्हतं. बीजाणूच्या आतल्या आवरणात, वाढतानाच शोषलं गेलेलं होतं. एकाच मूलद्रव्याचा अर्थ ते कुठं बसलंय यावरून पार उलटा झाला. आणि दरम्यान 2003 साल उजाडलं, इराकवर युद्ध झालं. ते युद्ध या एका बातमीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण लोकांच्या मनात भीतीचं विरजण लागायला अशा बातम्या पुरतात.

तपासाचा दुसरा धागा डीएनएचा होता. पाकिटांतल्या जंतूंत चार विशिष्ट बदल सापडले. प्रयोगशाळांमधून हजारावर नमुने गोळा करून तपासले, त्यांतल्या फक्त आठांत चारही बदल होते, आणि त्या सगळ्यांचा माग मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या एका चंबूपर्यंत गेला. हे तंत्र मला लगेच समजलं, कारण ते शिक्षकांचं आहे. दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर कॉपी केली असं कुणी म्हणत नाही. पण दोघांनी 'पुरंदरचा तह' याऐवजी 'पुरंदरचा ताह' लिहिलं आणि पुढच्याच ओळीत दोघांचंही साल सारखंच चुकलं, तर मास्तरांच्या भुवया वर जातात. सारख्या चुका म्हणजे एकच मूळ.

पण मास्तरांना हेही माहीत असतं, की सारख्या चुका कुणी कुणाचं पाहिलं ते सांगत नाहीत. दोघांनी तिसऱ्याचं पाहिलं असेल. एखादवेळी फळ्यावरच चुकीचं लिहिलं गेलं असेल. त्या चंबूपर्यंत शंभरावर माणसांचा हात पोचू शकत होता. शिवाय चंबूतल्या बीजाणूंत ते सिलिकॉन नव्हतं. म्हणजे पाकिटांतलं पीक थेट चंबूतलं नव्हतं, त्यावरून कुठं तरी पुन्हा नव्यानं वाढवलेलं होतं. हे शेवटचं वाक्य मात्र रासायनिक खुणेनं पक्कं सांगितलं आणि ते तिचं खरं यश. 'कसं वाढवलं' याचं उत्तर तिनं दिलं. 'कुणी' याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

दरम्यान माणसांचं काय झालं ते पाहा. 2002 मध्ये स्टीव्हन हॅटफिल या शास्त्रज्ञाचं नाव सरकारनं जाहीरपणे घेतलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, पण नाव सगळीकडे. त्याच्या घराच्या झडत्या दूरदर्शनच्या पडद्यावर दिसल्या. पुढे तो निर्दोष असल्याचं सरकारनंच मान्य केलं आणि 2008 साली सुमारे 58 लाख डॉलरची भरपाई देण्याचा करार झाला. तोवर संशय ब्रूस आयव्हिन्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे वळला होता. आरोप दाखल होण्याआधीच त्यानं जीव दिला. 2010 मध्ये सरकारनं त्यालाच एकमेव दोषी धरून प्रकरण बंद केलं. आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीनं नेमलेल्या समितीनं शांतपणे सांगितलं, की केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून हे जंतू कुठून आले याचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. तो दोषी होता की नव्हता, हे आता कोर्टात कधीच ठरणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध? म्हणूनच आता परळला या.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला. पुढची कथा आपल्याला पाठ आहे. 1897 मध्ये पुण्यात रँड, सोजिरांच्या घरझडत्या, चापेकर बंधू. गावं ओस पडली, माणसं रानात झोपड्या बांधून राहिली. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'प्लेगाच्या साली' हा शब्द काळ मोजायला यायचा. याच काळात वाल्देमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगाची लस बनवत होता. 10 जानेवारी 1897 ला त्यानं पहिली लस स्वतःला टोचून घेतली. 1899 पासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच पुढे 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट झाली.

आता त्यानं जंतू वाढवले कशात, ते ऐका. मांसाच्या काढ्यात, आणि वर चक्क साजूक तुपाचे थेंब! हिंदू-मुसलमानांच्या भावना जपायच्या म्हणून गाय-डुकराऐवजी बकऱ्याचं मांस. तुपाचे थेंब काढ्यावर तरंगत, आणि प्लेगाचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. हे लोंबकळणं पाहून हाफकिन प्लेगाचा जंतू ओळखत असे. म्हणजे 'कशावर वाढवला तर कसा दिसतो' ही विद्या आपल्या परळात तुपाच्या साक्षीनं सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होती.

मग 1902 साल आलं. पंजाबात प्लेग माजला होता आणि लाखांनी लस हवी होती. लवकर व्हावी म्हणून काढ्याऐवजी अगारवर जंतू वाढवायची पद्धत परळला सुरू झाली, आणि लशीत कार्बॉलिक ॲसिड घालणं बंद करून उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी, जे आता पाकिस्तानात आहे, 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीचा नंबर 53 एन. बाकीच्या बाटल्यांच्या माणसांना काहीही झालं नाही.

प्रश्न उभा राहिला तो नेमका आजचाच. धनुर्वाताचा जंतू बाटलीत कधी शिरला आणि कुठं वाढला? परळला, बाटली भरताना, म्हणजे एक्केचाळीस दिवस आधी? की मुल्कोवालला, बूच उघडताना?

मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्यानं दोष परळच्या पारड्यात टाकला. पद्धत बदलली होती ना, कार्बॉलिक काढलं होतं ना, मग तिथंच घाण शिरली असणार. हाफकिनला कामावरून दूर व्हावं लागलं. तो इंग्लंडला गेला, आणि आयोगाचा अहवाल वर्षानुवर्षं जाहीरसुद्धा झाला नाही. ज्यानं हजारो माणसांचे जीव वाचवले, त्याच्या नावामागे एकोणीस मृत्यू लागले. लोक या प्रकरणाला 'छोटं ड्रेफस प्रकरण' म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

पण साक्षींत दोन गोष्टी होत्या. एक, मुल्कोवालला बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लस टोचणाऱ्या डॉक्टरनं बाटली उघडल्यावर वास घेतला होता आणि त्याला काहीही वावगं वाटलं नव्हतं. धनुर्वाताचा जंतू द्रवात वाढला की घाणेरडा वास मारतो. एक्केचाळीस दिवस तो बाटलीत वाढत असता, तर त्या वासानं माणूस मागे सरला असता.

म्हणजे काय? तो वास, किंवा वास नसणं, हीच रासायनिक खूण होती. यंत्र नव्हतं, नाक होतं. आणि त्या नाकाची साक्ष आयोगाला पुरेशी वाटली नाही.

शेवटी मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस पुढे आले. त्यांनी 1907 मध्ये लिहून लिहून हे प्रकरण पुन्हा उघडायला लावलं. त्या वर्षी जुलैमध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं, की हाफकिनवरचा आरोप टिकत नाही. सरकारनं त्याला परत नोकरीत घेतलं, पण परळची जागा भरलेली होती. तो कलकत्त्याला गेला आणि 1914 मध्ये निवृत्त होऊन भारत सोडून गेला. पाच वर्षं गेली ती गेलीच.

आज ती यंत्रं असती तर? मी नातीला हेच विचारलं. तिनं दिलेलं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, "आजी, पाण्याची आणि खाद्याची खूण इथं फारशी कामाची नाही. परळला वाढला असता किंवा मुल्कोवालला, दोन्हीकडे जंतूनं त्याच बाटलीतलं खाल्लं असतं. पण तो बाटलीत किती वाढला होता, त्यानं काय काय सोडलं होतं, हे मोजता आलं असतं. नाकाऐवजी आकडा मिळाला असता. फक्त त्यासाठी उघडल्याक्षणीच नमुना बाजूला ठेवायला हवा होता." म्हणजे यंत्र असूनसुद्धा प्रश्न नीट विचारला नसता तर उत्तर मिळालं नसतंच.

आता माझं म्हणणं. ही विद्या वाढावी, आपल्या देशात वाढावी. पण तिच्याकडून काय मागायचं ते आधी ठरवावं. 'कसं वाढवलं' हे तिला विचारावं, 'कुणी केलं' हे तिच्या तोंडी घालू नये. आणि तिचा सर्वात मोलाचा उपयोग मला आरोप करण्यापेक्षा निर्दोष माणसाला सोडवण्यात दिसतो. उसाच्या साखरेची खूण निघाली, तर बिटाची साखर वापरणाऱ्या प्रयोगशाळेवरचा संशय हलका होतो. हे ती बऱ्याच खात्रीनं सांगू शकते. उलट उसाची खूण निघाली म्हणून अमुकच माणूस, हे ती सांगू शकत नाही, कारण साखर तर सगळ्या दुकानांत मिळते.

काही जण म्हणतील, बाई, इतका काटेकोरपणा केला तर खरे गुन्हेगार मोकळे सुटतील. हा आक्षेप खोटा नाही. जंतूंचा गुन्हा घरफोडीसारखा नसतो, एका चुकीनं शेकडो जीव जाऊ शकतात, आणि तपासाला घाई असते. पण घाईनं चुकीचा माणूस धरला की खऱ्याचा शोध थांबतो. हॅटफिलच्या मागे जी वर्षं गेली, ती कुणाच्या फायद्याची ठरली? आणि मुल्कोवालला दोष परळवर टाकून मोकळं झाल्यावर, जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा धडा गावोगावच्या टोचणाऱ्यांना कोण शिकवणार होतं?

आणखी एक. चलाख माणूस खुणा चुकवूही शकतो. आपल्याकडच्या मधाचं उदाहरण घ्या. मधात उसाचा पाक घातला तर कार्बनच्या तपासणीत पकडता येतो, कारण फुलांचा मकरंद बहुतेक भाता-गव्हाच्या गटातल्या झाडांचा. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदळाचा पाक काढला. तांदूळ त्याच गटातला, त्यामुळे ती तपासणी त्याला पकडत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं डिसेंबर 2020 मध्ये हे चव्हाट्यावर आणलं, तेव्हा नामांकित मधांचीही चर्चा झाली. तपासणीत पास झाला म्हणजे शुद्ध, असं म्हणता येत नाही. तसंच खूण जुळली नाही म्हणजे सुटला, असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. म्हणूनच एका खुणेवर विसंबायचं नाही, चार वेगवेगळ्या साक्षी लागतात.

आणि या सगळ्याला आधार हवा तो नोंदींचा. खूण कशाशी जुळवायची, हे माहीत नसेल तर यंत्रातला आकडा नुसता आकडा. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या पुढाकारानं 2007 च्या सुमारास देशभरच्या पाण्याच्या समस्थानिकांची मोजणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाऊस, नद्या, भूजल यांचा अभ्यास हा त्याचा हेतू. पण असं काम उद्या कुठल्या तपासाला उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक प्रयोगशाळेत, लशीच्या कारखान्यात, एवढंच काय औषधाच्या आणि दुधाच्या धंद्यात, रोजची वही असावी. कुठलं खाद्य, कुठल्या गोणीतलं, कुठलं पाणी, कुणी बूच लावलं, कधी. आणि थोडा नमुना सीलबंद बाजूला. शाळेत आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिका काही काळ बांधून ठेवत असू, तेव्हा पोरांना वाटायचं हा नुसता पसारा. पण गुणांबद्दल तक्रार आली की तोच गठ्ठा मुलाच्या आणि मास्तरांच्या, दोघांच्याही बाजूनं बोलायचा.

एक शेवटचं मागणं. अशा तपासाचा अहवाल ज्याच्यावर ठपका येतो त्याच्या हातात वेळेवर पडावा, त्याच्या तज्ज्ञाला तोच नमुना पुन्हा तपासता यावा. हाफकिनच्या बाबतीत सगळ्यात मोठा अन्याय मला तोच वाटतो. आयोग चुकला, माणसं चुकतात. पण चूक वर्षानुवर्षं कपाटात बंद राहिली, म्हणून दुरुस्त व्हायला 1907 उजाडावं लागलं.

परळला आजही हाफकिनच्या नावाची संस्था आहे. आपल्या बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी तिथली लस घेतलेली असेल. नाव राहिलं, हे चांगलंच झालं. पण त्या नावाबरोबर 53 एन हा बाटलीचा नंबरही मुलांना शिकवावा, असं मला इतिहासाची शिक्षिका म्हणून वाटतं. पुढेमागे अशी वेळ आलीच, तर यंत्रासमोर बसणाऱ्या पोरापोरींना तो आठवावा.

असो. फार लांबलं. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, आणि घरच्यांनी निदान शेवटपर्यंत वाचलं एवढं तरी कळवावं!